सॉफ्टबोर्डवाले भावजी

आमच्या भावजींना माणसं कमी कळायची आणि फळ्या जास्त. हे मी त्यांच्या तोंडावर कितीदा तरी सांगितलं आहे, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. फळ्या म्हणजे झाडाच्या खोडातून सरळ कापून काढतात त्या नव्हेत. लाकूडकामातून जे उरतं, ढलप्या, तुकडे, भुसा, ते सगळं शिजवून त्याचे तंतू सुटे करायचे आणि मग दाबून त्याचीच फळी बनवायची, त्या फळ्या. घट्ट दाबली की हार्डबोर्ड, मध्यम दाबली की एमडीएफ, आणि जेमतेम दाबून वाळवली की सॉफ्टबोर्ड. शाळेतल्या सूचनाफलकात टाचणी खुपसून पाहिली असेल तर सॉफ्टबोर्ड तुम्हाला माहीत आहे. भावजींचं आयुष्य या तीन फळ्यांत गेलं. त्यांचे वडील जुन्या वळणाचे सुतार. अस्सल लाकडाशिवाय कशाला हात लावायचे नाहीत. मुलगा भुशात जन्म घालवतोय म्हणून ते शेवटपर्यंत नाराज राहिले. भावजींनी त्यांना कधी उलट उत्तर दिलं नाही, आणि त्यांचं ऐकलंही नाही.

ते आमच्या घरी पहिल्यांदा आले ते जावई म्हणून नव्हे, कामावर आले. माझी आणि ताईची एकच मोठी खोली होती आणि आमची भांडणं बाबांच्या कानावर दिवसभर पडायची. कंटाळून त्यांनी खोलीच्या मधोमध पडदी घालायचं ठरवलं. काटकुळा, खाली मान घालून चालणारा एक तरुण हार्डबोर्डचे ताव डोक्यावर घेऊन आला. तावाची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी जाळीच्या ठशाची, खरखरीत. त्याने आईकडे बादलीभर पाणी मागितलं. आईला वाटलं तहान लागली असेल, पण बादली कशाला? त्याने कुंचल्याने सगळ्या फळ्यांच्या खरखरीत पाठी ओल्या केल्या, पाठीला पाठ लावून त्यांची चळत रचली, वर गोणपाट टाकलं, आणि ‘उद्या येतो’ म्हणून पिशवी उचलून चालू लागला.

बाबा घरी आले आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलं. ‘नव्याकोऱ्या फळ्या अंघोळ घालून गेला तो! आणि तुम्ही बघत बसलात?’

दुसऱ्या दिवशी बाबांनी त्याला दारातच फैलावर घेतलं. तो आपला चपलांकडे बघत उभा. शेवटी ताईला राहवलं नाही. तिने विचारलं, ‘पण भिजवल्या कशासाठी?’

तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली. ‘ही फळी हवेतलं पाणी पिते. आज ना उद्या पिणारच. चारी बाजूंनी खिळे ठोकल्यावर प्यायली तर फुगून जाणार कुठे? पोट काढते. म्हणून आधीच पाजायचं, फुगू द्यायचं आणि मग ठोकायचं. सुकताना ती आखडते आणि ताठ बसते.’

एवढं लांब बोलणं त्यानंतर कित्येक वर्षं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. ताईने मात्र ते इतकं मन लावून ऐकलं की मला तेव्हाच कळून चुकलं, ही खोली आता लवकरच मला एकटीला मिळणार. तसंच झालं. पडदी अजून उभी आहे आणि तिने कधी पोट काढलेलं नाही, हे मात्र खरं सांगायला पाहिजे.

लग्नानंतर ते आवाजाच्या कामाकडे वळले. एका मोठ्या सभागृहात बोलणाऱ्याचा शब्द भिंतीवर आपटून परत यायचा, एकाचे दोन ऐकू यायचे. भावजींनी मागच्या भिंतीला आणि छताला सॉफ्टबोर्ड लावला आणि सभागृह शहाण्यासारखं वागू लागलं. मग शाळांचे वर्ग, गाण्याचे क्लास, आवाज ध्वनिमुद्रित करायच्या खोल्या, अशी कामं येत गेली. कुठल्याही खोलीत शिरलं की आधी मधोमध उभं राहायचं, एकच टाळी वाजवायची आणि मान तिरकी करून ऐकायचं, ही त्यांची सवय. हाताखालचे लोक त्यांना ‘टाळीवाले’ म्हणत. आमच्याकडे जेवायला आले तरी आधी टाळी. मी म्हणायची, ‘भावजी, कुणी नाचायला येणार आहे का?’ ते गंभीरपणे म्हणायचे, ‘वरचं फार रिकामं वाजतंय.’ ते छताबद्दल बोलत असत, पण माझ्या नवऱ्याला ते दरवेळी स्वतःबद्दलच वाटायचं.

त्यांना मूलबाळ झालं नाही. ताईने ते दुःख फारसं बोलून दाखवलं नाही, आणि भावजी तर काहीच बोलून दाखवणाऱ्यांतले नव्हते. काही वाटलं की ते काहीतरी बनवायचे. ताईची कंबर दुखू लागली तेव्हा एके दिवशी स्वयंपाकघरातली सगळी कपाटं हातभर वर चढली. एमडीएफच्या कापलेल्या कडेतून पाणी आत शिरलं की फळी पावासारखी फुगते, आणि आमची ताई स्वयंपाकघर असं धुवायची की बघणाऱ्याला वाटावं इथे कपडे धुतात. म्हणून भावजींनी तिच्या कपाटांची एकूण एक कड पातळ केलेल्या डिंकाने माखली, घासली, परत माखली, मग रंग दिला. ‘तोंडाने दोन शब्द बोलले असते तरी चाललं असतं,’ ताई मला म्हणाली होती. पण हे म्हणताना ती त्या कडेवरून बोट फिरवत होती.

मग ताई आजारी पडली. जिना चढताना दम लागायचा, पाय सुजायचे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून भावजींना आणि मला समोर बसवून सांगितलं, ‘हृदय दमलंय. ते पुन्हा पहिल्यासारखं होणार नाही. औषधं चालू ठेवू, पण मुख्य म्हणजे विश्रांती. झोप हवी. दचकायला नको, गोंगाट नको.’ भावजींनी एवढंच विचारलं, ‘गोंगाट म्हणजे किती?’ डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले.

त्यांचं घर पहिल्या मजल्यावर. समोर रस्त्यापलीकडे लोखंडी शटर बनवायचा कारखाना. सकाळपासून हातोडा नाहीतर ग्राइंडर. खाली वळणावर प्रत्येक बस ब्रेक लावताना किंचाळायची. इतकी वर्षं त्या दोघांना ते जाणवतही नव्हतं, पण आता ताई जरा डोळा लागला की दचकून उठायची आणि छातीवर हात धरून बसायची. भावजींचा जीव तिळतिळ तुटायचा, ते चेहऱ्यावर दिसायचं नाही, पण मला कळायचं.

एके दिवशी ते माझ्या शिवणाच्या दुकानात आले. ‘तुझ्या ताईला थोडे दिवस तुझ्याकडे ने. खोली करायची आहे.’

‘खोली आहे की तुमच्याकडे.’

‘शांत खोली,’ ते म्हणाले.

ताई माझ्याकडे आली. कापडाचं माप घ्यायला म्हणून मी मधूनमधून तिकडे जायची, कारण भिंतींवर ताणायचं कापड मी शिवणार होते. मी त्यांचं काम आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितलं ते तेव्हा. स्वयंपाकघर आणि ताईची खोली यांच्यामधली भिंत विटांची नव्हतीच. लग्नानंतर भावजींनीच घातलेली पडदी होती ती, लाकडी चौकट आणि दोन्ही बाजूंना हार्डबोर्ड, आत पोकळ. त्यांनी ती एका बाजूने उघडली. आत सॉफ्टबोर्डचे दोन थर भरले, पहिल्या थराचे सांधे दुसऱ्या थराच्या सांध्यांवर येणार नाहीत असे. वरून जाड एमडीएफ स्क्रूने बसवला. दार नवीन केलं, आत सॉफ्टबोर्ड भरलेलं जड दार, आणि कडेला चारी बाजूंनी नमद्याची, दाबलेल्या लोकरीची पट्टी, म्हणजे फटीतून सुईसुद्धा जाणार नाही. खिडकीला आतून दुसरी काच. हवा तर आत यायला हवी, म्हणून खिडकीखाली एक लांबट पेटी बनवली. तिच्यात आडव्यातिडव्या फळ्या, सगळ्या मऊ अस्तराच्या. हवा वळणं घेत आत यायची, आवाज मात्र वाटेतच दमून जायचा. सॉफ्टबोर्ड ते करवतीने कापत नसत, कड फाटते म्हणून. धारदार सुरीने एकाच दिशेने रेघ ओढत जायचे, पुनःपुन्हा, घाई न करता. कापायचं सगळं काम गच्चीवर, कारण खोलीत धुळीचा कणही राहता कामा नये. मी समुद्री रंगाचं कापड शिवून दिलं, ताईनेच तो रंग निवडला होता. ते आम्ही दोघांनी ताणून बसवलं.

काम संपलं त्या दिवशी त्यांनी मला आत उभं केलं आणि दार लावून घेतलं. समोरच्या कारखान्यात ग्राइंडर चालू होता. खिडकीतून ठिणग्या उडताना दिसत होत्या, पण आवाज नाही. खाली बस थांबली आणि गेली, तीही मुक्यानेच.

‘टाळी वाजव,’ भावजी म्हणाले.

मी वाजवली. आवाज माझ्या तळव्यांतच संपला.

‘असं काम मी कुठे केलं नाही,’ ते म्हणाले. बढाई मारताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. मी म्हटलं, ‘भावजी, तोड नाही.’ आणि खरोखरच नव्हती. फटकळ बाई आहे मी, उगाच कुणाची स्तुती करत नाही.

ताई घरी आली आणि झोपली. पहिल्या दिवशी ती इतकी गाढ झोपली की भावजी दोनतीनदा दार उघडून बघून आले. चेहऱ्यावर थोडं तेज आलं, पायांची सूज उतरली. जो कुणी भेटायला येईल त्याला भावजी आधी खोली दाखवायचे, मग ताई. हाताशी बेलही होती. पलंगाच्या कठड्याला लोंबणारं बटण, ते दाबलं की स्वयंपाकघरात घंटा वाजायची. कशातच उणं ठेवलं नव्हतं.

मग ताई मला रोज बोलावू लागली. मी शिवण घेऊन जायची आणि तिच्यापाशी बसायची. ‘बोल काहीतरी,’ ती म्हणायची.

‘काय बोलू?’

‘काहीही. तुझ्या गिऱ्हाइकांचं सांग. ती जाडी बाई अजून म्हणते का, कापडच कमी पडलं?’

मी सांगत राहायची. जरा थांबले की तिचा चेहरा बदलायचा. एका दुपारी मी निघायला उठले तर तिने माझा पदर धरला. माझ्याहून मोठी बहीण, जिने मला चालायला शिकवलं, ती लहान पोरीसारखा पदर धरून बसली होती.

‘तू गेलीस ना, की मला ते ऐकू येतं.’

‘काय ऐकू येतं?’

तिने छातीवर हात ठेवला. ‘हे. आधी रस्ता होता, कारखाना होता, यांची भांडी वाजायची. त्यात हे लपून जायचं. आता दुसरं काहीच नाही. दोन ठोके पडतात, आणि मग एक पडतच नाही. मी पडून वाट बघत असते, आता पडेल, आता पडेल. पडला की वाटतं, चला, या वेळी पडला.’

‘मग भावजींना सांग ना!’

‘नाही सांगायचं. तूही नाही. शपथ आहे तुला माझी.’ तिने कापडावरून हात फिरवला. ‘इतक्या वर्षांत त्यांना मला जे सांगता आलं नाही ते सगळं त्यांनी या भिंतीत भरलंय गं. ते मी नको म्हणू?’

मला गप्प बसणं जमत नाही, पोटात दुखतं माझ्या. पण ताईची शपथ, म्हणून मी तोंडात गुळणी धरून बसले. भावजी दारात चहा घेऊन आले, तर ताई हसून म्हणाली, ‘काय छान शांत वाटतं.’ त्यांचे डोळे लकाकले. मला त्या दोघांचाही राग आला आणि दोघांचीही दया आली.

त्यानंतरची ती सकाळ. मी धुतलेले अभ्रे घेऊन गेले होते. भावजी स्वयंपाकघरात त्या भिंतीला पाठ लावून उभे होते, गॅसवर दूध तापत होतं. ‘झोपली आहे,’ ते समाधानाने म्हणाले. ‘काही आवाज नाही.’ आम्ही दूध वर येईपर्यंत इकडचं तिकडचं बोललो. मी म्हटलं, अभ्रे ठेवून येते. मी दाराची मूठ फिरवली आणि ते जड दार ओढलं.

ताई अर्धी पलंगाच्या कडेवर घसरली होती. ओठ निळे. एक हात भिंत आणि पलंग यांच्यामधल्या फटीत चाचपडत होता, बेलचं बटण तिथे खाली घसरलं होतं. आणि ती हाक मारत होती. ‘अहो... अहो...’ हाक कसली, नुसता श्वासच तो, पण दार उघडताच तो बाहेर आला आणि भावजींच्या हातातून पातेलं सुटलं.

आम्ही तिला उचलून बसवलं, जिभेखाली गोळी ठेवली, डॉक्टर धावत आले, इंजेक्शन दिलं. हळूहळू ओठांवरचा निळेपणा गेला. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. डॉक्टर गेल्यावर भावजींनी तिला विचारलं, ‘हाक मारलीस?’

‘एकदाच,’ ताई म्हणाली. ‘लगेच आलात की.’

तिचा घसा बसला होता. एका हाकेने कुणाचा घसा बसत नाही. आणि समोरचा माणूस आवाज न ओळखणाऱ्यांतला नव्हता. भावजी उठून स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेले तर ते भिंतीवर दोन्ही तळवे टेकवून उभे होते. फरशीवर दूध तसंच पसरलेलं.

मग मात्र मी शपथ-बिपथ बाजूला ठेवली. ‘भावजी, तिला तिथे स्वतःच्या काळजाशिवाय काही ऐकू येत नाही. दिवसभर चुकलेले ठोके ऐकत पडते ती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही. तुम्हाला फळ्या कळतात, माणसं कधी कळणार?’

ते भिंतीशीच बोलल्यासारखे म्हणाले, ‘नवीन माणूस कामाला आला की मी पहिल्या दिवशी त्याला सांगतो, फळीला दिशा नसते. जेवढं आत येत नाही, तेवढंच बाहेर जात नाही. पहिल्या दिवशी सांगतो.’ त्यांनी कपाळ भिंतीला टेकवलं. ‘मी फक्त बाहेरचा गोंगाट बघितला. ती आतून बोलेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बेल आहे म्हटलं.’

‘बेल दाबायला बोटं चालावी लागतात,’ मी म्हटलं. तो माणूस रडत होता. मी खाली बसून दूध पुसायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हत्यारांची पिशवी घेऊन ताईच्या खोलीत आले. मी तिथेच होते. ताईने आधी पिशवीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की अंगात ताकद असती तर तिने मला तिथेच चोप दिला असता.

‘भिंत काढतो,’ भावजी म्हणाले.

‘अहो, एवढी मेहनत केलीत...’

‘काढतो.’

‘आवाज होईल,’ ताई म्हणाली.

‘होऊ दे,’ भावजी म्हणाले.

मी तिच्या नाकातोंडावर ओलं फडकं धरलं, पण तिला ते नको होतं, तिला बघायचं होतं. आधी कापड उतरलं. खिळे नव्हते, स्क्रू होते, त्यामुळे एमडीएफचे ताव अखंड निघाले. आतला सॉफ्टबोर्ड निघाला. मग स्वयंपाकघराच्या बाजूचा जुना हार्डबोर्ड निघाला. मला वाटलं आता थांबतील, पण त्यांनी चौकटीचे उभे वासेही एकेक करून सोडवले. शेवटचा वासा बाजूला झाला आणि पलंगावरून सरळ गॅसची शेगडी दिसू लागली, ओटा दिसू लागला, आणि वर चढवलेली ती कपाटं. मग त्यांनी खिडकीची आतली काच उतरवली. ग्राइंडरचा आवाज भसकन आत आला. ताईने डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. ‘आला मेला,’ ती म्हणाली, आणि हसली.

डॉक्टर आले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. ‘मी शांतता म्हटलं होतं.’ ताई म्हणाली, ‘डॉक्टर, हा कारखाना चालू असला की माझं यंत्र मला ऐकू येत नाही. झोप लागते.’ त्यांनी तिची नाडी बघितली, भावजींकडे बघितलं, आणि म्हणाले, ‘मग राहू दे असंच.’ पण जिन्यात त्यांनी मला थांबवून सांगितलं, फार दिवस नाहीत. ते मला ठाऊक होतं.

ते दिवस मात्र गोंगाटाचे गेले. ताईला खाली रस्त्यात कोण कुणावर ओरडतं हे कळायला हवं असायचं. आणि स्वयंपाकघर तर तिने पलंगावरूनच ताब्यात घेतलं.

‘कांदा करपला.’

‘कुठे करपलाय? तू तिथून काय बघतेस?’

‘बघायला कशाला पाहिजे? चरचर बदलली त्याची. एवढे कान घेऊन फिरता आणि कांदा ऐकू येत नाही?’

‘माझं शिक्षण फळ्यांचं आहे.’

भिंत होती तोवर भावजींना हूं म्हणून चालायचं. आता समोरासमोर उत्तरं द्यावी लागत. मीठ किती, शेजारणीने काय विचारलं, दिवा कुणी ठेवला चालू, बाबांनी तुम्हाला फैलावर घेतलं तेव्हा मनात काय आलं होतं. हे शेवटचं तिने विचारलं तेव्हा मी नुकतीच जिना चढून दारापर्यंत आले होते. भावजी हळू आवाजात बोलू लागले. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं, ते बोलतच राहिले. मी आणलेला डबा दारात ठेवला आणि पाय न वाजवता खाली उतरले. त्या दोघांचं ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं.

पुढे तिचं बोलणं कमी होत गेलं. एक शब्द, मग दम, मग दुसरा शब्द. शेवटी शेवटी नुसता हात हलवून ती सांगायची, आच कमी करा. भावजी पाठमोरे असले तरी त्यांना कळायचं. दिवसभर ते तिथेच, भाजी चिरत, भांडी घासत, काही नसलं तर ओटा पुसत.

त्या दिवशी सकाळी मी तिच्या उशाशी फाटलेल्या चादरीला टाके घालत बसले होते. ताईचा डोळा लागला होता. समोर कारखान्यात एकाच वेळी हातोडा आणि ग्राइंडर दोन्ही चालू होते. खाली एक बस किंचाळत थांबली. भावजी पाठ करून दूध ढवळत उभे होते. मी दोऱ्याची गाठ मारली, आणि पाहते तर त्यांनी गॅस बंद केला.

‘भावजी, दूध तापलं नाही अजून,’ मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही हात ओट्यावर टेकले. मग ते वळले, आले, पलंगाच्या कडेवर बसले आणि तिचा हात त्यांनी हातात घेतला. तेव्हा कुठे मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मी तिच्या एवढ्या जवळ, माझं कोपर तिच्या उशीला लागत होतं, आणि मला काही कळलं नव्हतं.

सगळं आटोपून, आलेली माणसं गेल्यावर, आम्ही दोघंच त्या उघड्या खोलीत बसलो होतो. मला राहवलं नाही. मी विचारलं, ‘एवढ्या गोंगाटात, पाठमोरे असताना, तुम्हाला कसं कळलं?’

‘मी तिचा श्वास ऐकत होतो,’ ते म्हणाले. ‘रोजच ऐकायचो. तो थांबला.’

त्यांनी ताईच्या उशीची सुरकुती तळव्याने सरळ केली.

‘त्या दिवशी एवढ्या हाका मारल्या तिने, मला ऐकू आल्या नाहीत,’ ते म्हणाले. ‘या वेळी तिने हाकही मारली नाही गं. तरी मला ऐकू आलं.’